मल्टिबीम: मधलं बरोबर, कडा चुकलेल्या

मल्टिबीम सोनार, म्हणजे ध्वनीने पाण्याची खोली मोजणारं यंत्र, एका पिंगमध्ये (ध्वनीच्या एका ठोक्यात) बोटीखालच्या तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतो. ध्वनीचा पंखा आडवा रुंद सुटतो, बोट जाते त्या दिशेने मात्र जेमतेम अंशभर. परतलेला आवाज २५६ किंवा ५१२ अरुंद बीममध्ये (किरणांमध्ये) विभागला जातो. पंखा १२० अंशांचा असेल, तर पट्टा खोलीच्या साधारण साडेतीनपट.

घोळ होतो तो कडांना. तिरका किरण पाण्याच्या थरांत वाकतो, कारण तापमान आणि क्षारता बदलली की ध्वनीचा वेग बदलतो. सरसकट १५०० मीटर प्रतिसेकंद धरणं म्हणजे आळस! ध्वनिवेगाचा प्रोब तळापर्यंत सोडायचा. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटी फिरली की पुन्हा. नाहीतर सपाट तळाच्या कडा वर वळलेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात.

रोलची, म्हणजे बोटीच्या डाव्या-उजव्या कलण्याच्या मापाची, चूक वेगळी: पट्टा अख्खाच एका बाजूला कलतो. २० मीटर खोलीवर उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या बीमला रोल १ अंश चुकला, की खोलीत सुमारे ६० सेंटिमीटरचा फरक. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे अशा चुका शोधायच्या चाचणीत, सपाट तळावर तीच रेषा उलटसुलट धावायची. आडव्या छेदात दोन पट्ट्यांची कात्री दिसली, तर रोल चुकलाय. पिचसाठी (बोटीच्या पुढे-मागे कलण्यासाठी) मात्र तळाला उतार हवा. सोनारचं हेड (पाण्यातला भाग) काढून पुन्हा बसवलं, की हे सगळं पहिल्यापासून.