मिठाचा बर्फ आणि सुरूचे रोप : आमची वाटचाल

गोव्यातील डिचोलीत आमच्या घराच्या मागील पडवीत माझी जाऊ आणि मी 2016 च्या पावसाळ्यात हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आम्ही केवळ लहान कुंड्यांतील शोभेची रोपे विकत होतो. पसरट ट्रेमध्ये रोपे, खडे, पायवाट, इवलेसे घर आणि एखादी परी मांडून सजवलेली परीबाग पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर चित्र दाखवून मागितली. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधण्याची सवय असलेल्या आमच्या हातांना ती मांडणी अवघड वाटली नाही. अवघड गेला तो नाताळ.

परदेशी चित्रांतील नाताळ बर्फाचा असतो, म्हणून आम्हीही बर्फ करावयाचे ठरवले आणि पांढरे, चमकणारे व स्वस्त असे जाडे मीठ मातीवर सढळ हाताने पसरले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बावीस ट्रे दुपारपर्यंत संपले, याचा आनंद आठवडाभरही टिकला नाही. रात्रीच्या दवाने आणि रोजच्या पाण्याच्या फवाऱ्याने मीठ विरघळून मातीत उतरले. मातीतील पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही आणि ओल्या मातीतही रोप तहानलेले राहते. पाने कोमेजलेली पाहून लोक आणखी पाणी घालत, त्यासरशी उरलेले मीठही विरघळे, आणि ट्रेला खाली भोक नसल्यामुळे ते सारे मुळाशीच साचून राहत असे. यात गिऱ्हाइकांची चूक नव्हती. भोक न ठेवण्याचा शहाणपणा आमचाच होता.

त्यांपैकी एक ट्रे म्हापशातील एक वृद्ध ख्रिस्ती बाई स्वतः परत घेऊन आल्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत, केवळ विचारले, “बाय, गोंयांत बर्फ खंय पडटा गो?” मी निरुत्तर झाले. त्यांच्या ट्रेमधील फिटोनिया नावाचे शोभेचे रोप काळे पडले होते, बारीक पानांची वेल सुकून गेली होती, पण मधोमध लावलेले वीतभर झाड हिरवेगार होते. इतर ट्रेमध्ये आम्ही नाताळचे झाड म्हणून मोरपंखी लावली होती. ती संपल्यामुळे याच ट्रेमध्ये नाइलाजाने सुरूचे रोप घातले गेले होते. समुद्रकाठच्या वाळूत खारा वारा सोसत वाढणाऱ्या सुरूला आमचे मीठ जड गेले नाही. गोव्यातील अनेक घरांत नाताळला सुरूचीच फांदी सजवतात, हे लहानपणापासून पाहत आलेल्या मला ते ट्रे भरताना कसे आठवले नाही, याचे आजही नवल वाटते.

त्या दिवसापासून आमच्या बागेत बर्फ नाही. त्याऐवजी काय मांडावे, हा प्रश्न मात्र दोन नाताळ पुरला. गोव्यात नाताळला मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून डिसेंबरात धान्य पेरण्याची रीत आहे. आम्ही गहू आणि नाचणी दोन्ही पेरून पाहिले. गहू भराभर वाढून घराच्या छपराशी स्पर्धा करू लागला, तर नाचणीची पाती बारीक असल्यामुळे शेतासारखी दिसली, म्हणून तीच ठेवली. पेरणी 12 डिसेंबरच्या सुमारास केली तर 24 च्या रात्री ती बोटभर उंच आणि कोवळी असते. आधी केली तर लवून पिवळी पडते. तीन राजांचा सण 6 जानेवारीला असतो आणि तोवर गोठा मोडत नाहीत, त्यामुळे नाचणी आता आम्ही वेगळ्या चपट्या डबीत वाढवतो आणि जुनी डबी काढून नवी बसवण्यासाठी गिऱ्हाइकाला दुसरी डबी सोबत देतो.

घरासाठी एक फुटाला अर्धा इंच हे प्रमाण आम्ही धरले आहे. त्यामुळे सात फुटांचा दरवाजा साडेतीन इंचांचा होतो आणि दीड फूट लांबीच्या ट्रेमध्ये पुढचे बल्कांव (बसायच्या कट्ट्यांची ओसरी), तुळशीएवढी विहीर आणि गोठा एवढे सारे मावते. भिंतींना चिऱ्याची पूड लावतो, इवलीशी कौले डिचोलीतील एक कुंभार भाजून देतात आणि शिंपल्यांच्या जुन्या खिडक्यांचा धूसर उजेड ट्रेसिंग पेपरने साधतो. सर्वांत जास्त वेळ नक्षत्राला, म्हणजे नाताळच्या चांदणीच्या आकाशकंदिलाला, लागतो: खराट्याचे हीर तासून दीड इंचाचा पाचकोनी सांगाडा बांधावा लागतो, त्यावर पतंगाचा कागद ताणून चिकटवावा लागतो आणि आत तांब्याच्या तारेवरील एकच दिवा सोडावा लागतो. हे काम माझ्या जाऊबाईंचे. माझ्या हातून कागद फाटतो.

परी आधी बाजारातील रेझिनची होती. पाणी लागून तिचा रंग उडे. आता सावंतवाडीच्या कारागिरांकडून लाखेच्या रंगाची लाकडी परी करून घेतो आणि लाकूड ओलीने फुगू नये म्हणून तिला दगडावर उभी करतो. परीला गोठ्यात ठेवू नका, असे काही गिऱ्हाइकांनी सांगितले, ते योग्यच होते. ती विहिरीजवळ असते. दिव्यासाठी लागणारी बटणासारखी बॅटरी लहान मुलांनी गिळल्यास जिवावर बेतते, म्हणून ती आम्ही स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच देतो. पैशांपायी तडजोड न केलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे.

2020 साली बाजार बंद होता आणि फोनवरच्या ओळखींनी आम्हाला तगवले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ट्रेला भोके आहेत, मातीत नारळाचा भुसा, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि गांडूळखत असते, आणि बिघडलेला ट्रे आजही आम्ही परत घेतो.

म्हापशाच्या त्या बाईंना तेव्हा नवा ट्रे दिला आणि त्यांचे सुरूचे रोप आमच्या परसात लावले. आता ते कौलांच्या वर गेले आहे. त्याची करवंदाएवढी बोंडे ट्रेमधील पायवाटेच्या कडेला हुबेहूब पाइनच्या बोंडांसारखी दिसतात, म्हणून नोव्हेंबर सुरू झाला की जाऊबाई परस झाडताना ती वेचून सुपात वाळत घालतात.