टॉम फिनी आणि आठवड्याचे चौदा पौंड

इंग्लिश फुटबॉलपटू टॉम फिनीने १९४६ ते १९६० या काळात प्रेस्टन नॉर्थ एंड या एकाच क्लबकडून इंग्लंडच्या फुटबॉल लीगचे ४३३ सामने खेळून १८७ गोल केले, आणि म्हणून त्याच्या निष्ठेचे गोडवे आजही गायले जातात. ती निष्ठा मलाही खोटी वाटत नाही. परंतु १९५२ साली सिसिलीतील पालेर्मो क्लबने त्याला करार करताच १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, राहायला बंगला आणि मोटार देऊ केली तेव्हा निर्णय फिनीच्या हाती नव्हता, हेही त्याच दमात सांगायला हवे. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि विषय तिथेच संपला. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहत असे, म्हणजे क्लबच्या संमतीविना त्याला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि इंग्लंडमध्ये कितीही मोठ्या खेळाडूला त्या वेळी हंगामात आठवड्याला १४ पौंडांहून अधिक पगार देण्यास लीगची मनाई होती. फिफाच्या कक्षेबाहेरील कोलंबियात जाऊन खेळण्याचे धाडस इंग्लंडचा बचावपटू नील फ्रँकलिनने १९५० मध्ये केले खरे, पण परतल्यावर त्याच्यावर बंदी आली आणि इंग्लंडच्या संघाचे दार त्याला कायमचे बंद झाले.

फिनीजवळ निदान हातचा धंदा होता. फुटबॉलपूर्वी प्लंबरचे काम पुरते शिकून घे, असा वडिलांचा आग्रह होता, आणि इंग्लंडकडून ७६ सामन्यांत ३० गोल करणारा हा खेळाडू प्लंबिंगचा व्यवसायही सांभाळत राहिला. महायुद्धात ऐन उमेदीची वर्षे इजिप्त आणि इटलीत सैन्यात गेल्याने लीगमधील पहिला सामना खेळताना तो चोवीस वर्षांचा होता. मुळात डावखुरा असूनही तो उजव्या बगलेवर खेळे, गरज पडल्यास डाव्या, आणि पुढे सेंटर फॉरवर्ड म्हणूनही. एवढ्या कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढले नाही. १९५६ साली चेल्सीच्या मैदानावर टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात तो साचलेल्या पाण्यातून घसरत चेंडू घेऊन निघालेला दिसतो, आणि त्याच्याभोवती उडालेल्या फवाऱ्यापुढे बचावपटू नगण्य वाटतात.

पदकांच्या बाबतीत मात्र नशिबाने त्याला दगा दिला. १९५३ मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचेही ५४ गुण झाले. केलेल्या गोलांना स्वतःवर झालेल्या गोलांनी भागण्याच्या तेव्हाच्या नियमानुसार ९७ ला ६४ ने भागून आर्सेनल विजेते ठरले, कारण प्रेस्टनचे आकडे ८५ आणि ६० असे होते. पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचने ३-२ अशी मात केली. वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला १९५४ आणि १९५७ असा दोनदा मिळाला. दोनदा तो मिळवणारा तो पहिलाच.

फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला. जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली आणि लवकरच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. त्याच हंगामाअखेर प्रेस्टनची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली.