वाचनालयात एकही पुस्तक नाही

सकाळी पावणेदहाला फोन आला. "अरे, आपल्याकडे एकही पुस्तक नाहीये."

काकू आमच्या गावच्या वाचनालयात कैक वर्षं ग्रंथपाल आहेत, उगाच घाबरणाऱ्यातल्या नाहीत. "सभासदही नाहीत," त्या पुढे म्हणाल्या. "कपाटं बघून आले मी. तिथे आहेत सगळी. काँप्युटरमध्ये नाहीत."

वाचनालयाची देवघेव मी लिहून दिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमवर चालते. पायथन भाषेतला, त्याच्यामागे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एकच फाइल, आणि हे सगळं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेल्या म्हाताऱ्या डेस्कटॉपवर. त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. आतली डिस्क लहान आणि जुनी, म्हणून माहितीची फाइल बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. वीज गेली की यूपीएस दहाएक मिनिटं तग धरतो, मग मशीन बंद. वीज आली की आपोआप चालू व्हावं असं बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगांत) करून ठेवलंय.

त्या रात्री वीज गेली होती. पुण्याहून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर नेटवरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरलो. डिस्क जागेवर, फाइल जागेवर, आकारही नेहमीइतकाच. प्रोग्रॅम मात्र शून्य पुस्तकं म्हणतोय. त्याने नक्की कोणती फाइल उघडलीय हे एलएसओएफने पाहिलं, तर पत्ता तंतोतंत बरोबर. बराच वेळ डोकं खाजवल्यावर नजर आयनोडच्या आकड्यावर, म्हणजे डिस्कवर फाइलची खरी ओळख असलेल्या क्रमांकावर गेली. नाव तेच, आयनोड वेगळा. एकाच पत्त्यावर दोन घरं!

मग उलगडा झाला. प्रोग्रॅम डिस्कच्या आधी उठला होता. डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते, ते जोडणी होण्याआधी आतल्या डिस्कवरचं एक साधं रिकामं फोल्डर असतं. एसक्यूलाइटचा स्वभाव असा, की फाइल सापडली नाही तर कुरकुर न करता नवी करायची. माझा प्रोग्रॅमही तसाच शहाणा, त्यात रिकामे तक्ते मांडून मोकळा झाला. थोड्या वेळाने यूएसबी डिस्क जागी झाली, त्या फोल्डरवर चढली आणि रिकामी फाइल तिच्याखाली झाकली गेली. प्रोग्रॅमच्या हातात मात्र ती खालचीच फाइल होती. सर्व्हिस (पडद्यामागे सतत चालणारा हाच प्रोग्रॅम) रीस्टार्ट केली, पुस्तकं परत आली. मी काहीतरी फार मोठं केलं असं काकूंना वाटलं. मीही तसं वाटू दिलं.

खरं तर खोड माझीच होती, आणि पहिली नव्हती. प्रोग्रॅम बसवला तेव्हा मी सर्व्हिस चालू करायची 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' ही आज्ञा देऊन, चहा पिऊन घरी आलो होतो. 'एनेबल' करायचं राहिलं. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे मशीन चालू होताना यालाही उठव. पहिल्यांदा वीज गेल्यावर अर्थातच काही उठलं नाही. घरी माझ्याकडे फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीची एक पेटी आहे. तिथे आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगांच्या फाइलमध्ये सर्व्हिसच्या नावापुढे 'येस' लिहिलं नसेल, तर स्टार्ट म्हटल्यावर ती सरळ नकार देते: आधी तिकडे येस लिही, नाहीतर 'वनस्टार्ट' म्हण. लिनक्सने मला असं एकदा हटकलं असतं तर गावची एक खेप वाचली असती.

दुसरी खेप डिस्कची केबल सैल झाली तेव्हा. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कची ओळ होती, डिस्क मिळेना. मशीन चालू होताना सगळ्यांना उठवणारं सिस्टिमडी ठरल्याप्रमाणे दीड मिनिट थांबलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. तिथे एसएसएच नाही, आणि मशीनला स्क्रीन नाही. एसटीने गेलो, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मॉनिटर मागून आणला, आणि रागारागाने त्या ओळीत 'नोफेल' लिहून टाकलं. त्याचा अर्थ, डिस्क नसली तरी अडून बसू नको. सिस्टिमडीने ते शब्दशः ऐकलं. म्हणजे पुढचं 'एकही पुस्तक नाही' मीच लिहून ठेवलं होतं.

मी लिनक्स शिकलो ते रनलेव्हलच्या काळात, म्हणजे मशीन कुठल्या पातळीपर्यंत उठवायचं ते नंबराने ठरायचं तेव्हा. 'आरसी३ डॉट डी' फोल्डरमध्ये लिंकांची (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावांची) रांग असायची: एस म्हणजे चालू कर, के म्हणजे बंद कर, आणि पुढे दोन आकडी नंबर. एस १० आधी, एस ८५ नंतर. कोणाला रांगेत घ्यायचं ते रेडहॅटवर 'सीएचकेकॉन्फिग'ने ठरवायचं. सगळं कूर्मगतीने चालायचं, पण ८५ नंबरची पाळी येईपर्यंत आधीच्यांचं बहुतेक आटोपलेलं असायचं. डेबियनमध्ये २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून सिस्टिमडी आलं आणि ती रांगच मोडली. ज्यांच्यात आधी-नंतर असं काही लिहिलेलं नाही, ते सगळे एकदमच निघतात. बसच्या दाराशी होतं तसं. एनेबल केल्याने तिथेही एक लिंकच पडते, 'मल्टी-युझर डॉट टार्गेट डॉट वाँट्स' या फोल्डरात, पण तिला नंबर नसतो. माझ्या डोक्यात मात्र अजून रांगच होती: एनेबल केलंय ना, मग येईल पाळी.

त्यामुळे माझी पहिली दुरुस्तीही रांगेच्या बुद्धीचीच निघाली. सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या युनिट फाइलमध्ये 'एक्झेकस्टार्टप्री'ला (प्रोग्रॅमच्या आधी चालायच्या आज्ञेला) तीस सेकंदांची झोप लावली. तीन आठवडे छान गेले. मग एकदा बंद व्हायचा हुकूम मिळण्याआधीच यूपीएसने मान टाकली, उठताना डिस्कची एफएसचेक तपासणी लांबली, आणि पुन्हा फोन. या वेळी काकूंचा आवाज शांत होता. "गेली रे पुस्तकं."

तेव्हा मात्र मॅन्युअल घेऊन बसलो. 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही माझी मोठी गफलत. आफ्टर फक्त क्रम सांगतो: दोघं निघणार असतील तर हा मागून. रिक्वायर्स फक्त गरज सांगतो: तो हवा. नुसती गरज लिहिली आणि क्रम नाही, तर दोघं एकदमच पळत सुटतात. माझ्या कामाची ओळ तिसरीच निघाली, 'रिक्वायर्समाउंट्सफॉर', आणि पुढे फोल्डरचा पत्ता. त्या पत्त्यासाठी लागणारी डिस्क जोडली गेल्याशिवाय ही सर्व्हिस उठणार नाही. गरज आणि क्रम दोन्ही त्यात आले. नोफेल तसंच ठेवलं. डिस्क नसली तरी मशीन उठेल, एसएसएच चालेल, फक्त माझा प्रोग्रॅम बसून राहील. तीस सेकंदांची झोप काढून टाकली. शिवाय डिस्क काढून, खालच्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर'ने कुलूप घातलं, म्हणजे तिथे रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) चुकून फाइल करता येणार नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. बूटला कोण किती वेळ खातं ते 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम'ने पाहिलं आणि साफसफाई काढली. मोडेममॅनेजर, ब्लूटूथ, दोन्ही डिसेबल. वाचनालयात प्रिंटर नाही, म्हणून छपाईची कप्स सर्व्हिस बंद केली, तर सूचना आली: ही थांबवतोय, पण तिचं सॉकेट हिला पुन्हा उठवू शकतं. डिसेबल केलेली गोष्ट कोणी तिच्या सॉकेटचं, म्हणजे निरोप घेण्याच्या जागेचं, दार वाजवल्यावर उठून बसते, हे तेव्हा कळलं. सरळ मास्क केली. मास्क म्हणजे युनिटच्या नावाची लिंक थेट डेव्ह-नलला, लिनक्समधल्या 'काहीच नाही' या फाइलला. मग कोणीही हाक मारो. (ब्लेमच्या यादीतल्या सेकंदांची बेरीज मात्र करू नका, बरीच कामं एकाच वेळी चाललेली असतात. खरं अडतंय कुठे, ते 'क्रिटिकल-चेन'मध्ये दिसतं.)

त्याच भरात टाइमसिंकही डिसेबल केलं. मदरबोर्डवरची बॅटरी केव्हाच मेली होती, नेटवरून वेळ आणणारं तेच एक होतं, हे ध्यानात नव्हतं. पुढच्या वेळी वीज जाऊन आली तेव्हा घड्याळ पाच आठवडे मागे. त्या दिवशीची पुस्तकं मागच्या तारखेने गेली, आणि मी वेळ दुरुस्त केल्यावर सकाळीच पुस्तक नेलेल्या निवृत्त गुरुजींच्या नावावर दंड दिसू लागला. ते दंडाचे पैसे घेऊन आलेही होते. काकूंनी चहा पाजून परत पाठवलं.

परवा पुन्हा वीज गेली. सकाळी फोन.

"आज पानच उघडत नाहीये."

"रिकामं दाखवतंय का?"

"नाही रे, उघडतच नाही."

"डिस्कचा दिवा बघा बरं."

थोडी खुडबुड ऐकू आली. "दिवा नाहीये. वायर निघालीय."

"मग वायर बसवा काकू, मी इकडून चालू करतो."

"बसवते. तोवर वहीत लिहितेय. दोन जण उभे आहेत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.