ओयू तोलगोई: उथळ बोअर का फसले

मंगोलियाच्या दक्षिण गोबीत, चीनच्या सीमेपासून जेमतेम ८० किलोमीटरवर, ओयू तोलगोई या तांबं-सोन्याच्या साठ्याचे हिरवट-निळे डाग पडलेले खडक जमिनीवर उघडेच होते. कांस्ययुगात तिथे तांब्यासाठी खणल्याच्या खुणाही आहेत. तरीही बीएचपी या खाणकंपनीने १९९७-९८ मध्ये २३ बोअर मारून काम थांबवलं. २००० मध्ये आयव्हनहो ही खाणकंपनी आली आणि २००१ मध्ये ओटीडी १५० या बोअरमध्ये ७० मीटर खोलीपासून ५०८ मीटर लांबीचा खनिजयुक्त खडक लागला: सरासरी ०.८१ टक्के तांबं आणि टनामागे १.१७ ग्रॅम सोनं. परिसर तोच, मग आधी हे का दिसलं नाही?

पहिलं कारण वरचा धुतला गेलेला थर. पाणी आणि हवा पोचली की पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजापासून आम्ल तयार होतं, ते तांबं विरघळवून खाली नेतं आणि भूजलपातळीजवळ ते चॅल्कोसाइट या तांबं-गंधकाच्या खनिजाच्या रूपात पुन्हा साचतं. त्यामुळे पृष्ठभागावरच्या नमुन्यात तांबं कमी येतं. सोनं मात्र बहुतेक वेळा जागेवरच राहतं. या थरात गंजाचा रंग वाचावा लागतो. पिवळा जॅरोसाइट म्हणजे खाली पायराइट भरपूर, तांबं बेताचं. गडद तांबडा हेमाटाइट म्हणजे पूर्वी इथे चॅल्कोसाइट असण्याची शक्यता. आयव्हनहोनेही सुरुवातीला हाच चॅल्कोसाइटचा थर शोधत उथळ आरसी बोअर (हवेच्या दाबाने खडकाचा चुरा वर आणणारे) मारले होते. खरा साठा त्याखालच्या, पाण्याने न बदललेल्या चॅल्कोपायराइट या तांबं-लोखंड-गंधकाच्या खनिजात निघाला. पॉर्फिरीत (थंड होणाऱ्या मॅग्माभोवती तयार झालेला अशा प्रकारचा विखुरलेला साठा) क्वार्ट्झच्या शिरा खोलीबरोबर दाट होत असतील, तर ठरलेली खोली गाठली म्हणून बोअर बंद करू नये. माझ्या मते अशा ठिकाणी सर्वांत महागात पडते ती हीच काटकसर.

दुसरा सापळा आयपी सर्वेक्षणाचा, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिचा प्रतिसाद मोजण्याचा. आयपी तांबं दाखवत नाही, सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त धातुखनिजं दाखवतं. पॉर्फिरीत सर्वांत जास्त पायराइट तांब्याच्या गाभ्याभोवतीच्या कड्यात असतं, त्यामुळे नकाशावरचा सर्वांत ठळक पट्टा अनेकदा तांब्याच्या बाहेर पडतो. खोलीचाही प्रश्न आहे: विद्युतप्रवाह सोडणारे दोन इलेक्ट्रोड जवळ असतील तर प्रवाह वरवरच फिरतो. ओयू तोलगोईला हे अंतर टप्प्याटप्प्याने ११ किलोमीटरपर्यंत नेलं, तेव्हा खोलवरचे पट्टे उमटले. वाळवंटात आणखी एक अडचण असते. कोरड्या खडीत इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्कच होत नाही. त्यासाठी खड्डा खणून त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल घालतात आणि खारं पाणी ओततात. हे नीट केलं नाही तर आकडे नुसते उड्या मारतात.

चुंबकीय नकाशा आयपीच्या जोडीला हवाच, कारण सोनं जास्त असलेल्या पॉर्फिरीच्या गाभ्यात बायोटाइट या काळ्या अभ्रकाबरोबर मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. पण नंतर खडकात सेरिसाइट (बारीक पांढरं अभ्रक) तयार होण्याच्या टप्प्यात त्याचा हेमाटाइट होतो आणि चुंबकीय खूण विझते. म्हणून नकाशावर काही उठलं नाही एवढ्यावरून जागा सोडू नये. हातात धरलेल्या कोअरमध्ये (बोअरमधून काढलेला खडकाचा दंडगोल) एपिडोट-क्लोराइट ही हिरवी खनिजं दिसतात (सर्वांत बाहेर) की सेरिसाइट-पायराइट (मधे) की बायोटाइट (गाभ्यात), यावरून आपण गाभ्यापासून किती लांब आहोत ते कळतं.

आरसी स्वस्त आणि वेगवान, पण भूजलपातळीखाली नमुना ओला होतो, वरचा चुरा खालच्यात मिसळतो आणि शिरांचं नातं तर दिसतच नाही. खोलवर हिऱ्याच्या बिटचंच ड्रिलिंग हवं. सुरुवात पीक्यू किंवा एचक्यू या जाड कोअरच्या आकारांनी करावी, खडक ढासळू लागला तर केसिंग (आधाराचा नळ) टाकून एनक्यू या बारीक आकारावर यावं. बोअरची दिशा दर ३० ते ५० मीटरला मोजावी. मॅग्नेटाइट असलेल्या खडकात चुंबकीय उपकरण चुकीची दिशा दाखवतं, तिथे चुंबकावर न चालणारा जायरोच वापरावा.

कोअर कापताना करवतीची रेघ अशी आखावी की मुख्य शिरा दोन्ही अर्धुकांत सारख्या वाटल्या जातील, आणि तपासणीला नेहमी एकाच बाजूचं अर्धुक जावं. चांगली शीर आपोआप नमुन्याच्या पिशवीत गेली की ग्रेड (धातूचं प्रमाण) फुगतो. दोन मीटरचे नमुने, साधारण दर विसांमध्ये एक प्रमाणित (ग्रेड आधीच माहीत असलेला), एक कोरा (धातू नसलेला) आणि एक दुबार नमुना. कोरा नमुना सर्वांत समृद्ध पट्ट्याच्या लगेच नंतर ठेवावा. प्रयोगशाळेतल्या क्रशरमध्ये आधीची पूड राहिली असेल तर तिथेच पकडली जाते. सोन्यासाठी ३० किंवा ५० ग्रॅमचा फायर ॲसे (नमुना वितळवून सोनं वेगळं करून मोजणं), तांब्यासाठी आम्लात विरघळवून मोजणी.

५०८ मीटर ही बोअरमधली लांबी आहे, साठ्याची जाडी नव्हे, हेही लक्षात असू द्यावं. ओटीडी १५० ज्या नैऋत्य भागात होता, तिथला समृद्ध गाभा सुमारे २५० मीटर व्यासाचा उभा दंडगोल आहे. त्यातून खाली उतरणारा बोअर लांबलचक आकडा देतोच. बाजूने तिरपे बोअर मारल्याशिवाय टन मोजता येत नाहीत.

पुढे २००२ मध्ये उत्तरेकडे ह्यूगो डमेट हा साठा सापडला. त्याच्यावर खनिज नसलेले जुने खडक सरकून बसले आहेत, त्यामुळे वर काहीच दिसत नाही. तिथे जमिनीखाली सुमारे १.३ किलोमीटरवर ब्लॉक केव्हिंगची (खालून पोखरून खडक त्याच्याच वजनाने कोसळू देण्याची) खाण आहे. तिचं उत्पादन २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झालं.