५७ ची दांडी

एका गिऱ्हाईक काकांना सायकल बांधून देऊन दीड महिना झाला, तेही खुश आहेत, तरी तिची फ्रेम माझ्या डोक्यातून काही जात नाही म्हणून लिहून टाकतो.

मी नाशकात सायकलच्या दुकानात आहे, अकरा वर्षं झाली. दुकानाचं नाव सांगत नाही कारण शेठ सगळं वाचतात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पंक्चर आणि गिअर सेटिंग. शनिवारी संध्याकाळचं खरं काम वेगळंच असतं, रविवारी सकाळी मिसळ राईडला जाणारी वीस-पंचवीस मंडळी, ज्यांना आठवडाभर सायकल दिसली नाही आणि शनिवारी साडेसातला आठवलं की ब्रेक लागत नाही. २०१५ ला महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली त्यानंतर तर आपल्याकडे जो तो रोड बाईकवाला झालाय. चांगलंच आहे, माझं घर त्यावर चालतं. पण सायकल घेताना लोक रंग बघतात, गिअर मोजतात, उचलून वजन बघतात आणि साईझ विचारली की म्हणतात "मीडियम". शर्ट आहे का तो?

तर अशाच एका शनिवारी, जानेवारीत, काका आले. रिक्षातून उतरले, काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. अंबडच्या एका कंपनीत टूलरूमला सगळी नोकरी, आता रिटायर. गोधडी काउंटरवर सोडली आणि मी हातातला पाना खाली ठेवला. गडद हिरवी स्टीलची फ्रेम, लगवाली, म्हणजे नळ्यांच्या जोडावर जे नक्षीदार टोपण असतं त्यात पितळ किंवा चांदी वितळवून जोडलेली, लगच्या कडेनी सोनेरी रेघ ओढलेली आणि सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा स्टिकर. इंग्लंडला असलेल्या पुतण्यानी तिकडे कोणाकडून तरी जुनी घेऊन सामानात घालून पाठवलेली. काकांना त्याची सायकल बांधून २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राईड, करायची होती. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, या वयात.

आता ५३१ म्हणजे काय ते थोडं सांगतोच, कारण यावर मला बोलायला मिळत नाही कधी. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनी १९३५ ला काढलेली नळी, मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील. टोकांना जाड, मध्ये पातळ. जिथे जोड येतो, उष्णता लागते तिथे माल जास्त आणि जिथे गरज नाही तिथे कमी. म्हणून ती हलकी आणि म्हणूनच ती खडबडीत रस्त्यावर दात वाजवत नाही. पण स्टिकर काय, कोणीही चिकटवतं. खरी आहे का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, किती मापाची बसते ते बघायचं. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलीमीटर. वरच्या टोकाला भिंत ०.६ ची असेल तर आत उरतात २७.४, पोस्ट सरकायला जागा सोडली की २७.२. साधी जाड पाईप असेल तर पोस्ट २६ च्याही खाली येते. मी हे सांगतोय तोवर काकांनी खिशातून स्वतःचं व्हर्नियर काढलं. शप्पथ. रेक्झिनच्या म्यानात ठेवलेलं. आतलं माप घेतलं, चष्मा वर केला, म्हणाले, "सत्तावीस पॉइंट दोन आणि वर केसभर."

मग आम्ही दोघं लहान मुलांसारखे लागलो. वरची दांडी आणि पुढची तिरपी नळी हेडला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, जिथे मिळतात त्याच्या मागे, खालच्या बाजूनी, बोट फिरवून सुरकुती लागते का बघितली, समोरून ठोकर बसलेल्या फ्रेमला तिथेच पोट येतं. नाही लागली. मग दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेला, बांधायचा, हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं म्हणजे फ्रेम सरळ. काकांनी मोजलं. फरक अर्धा मिलीमीटर, आणि तो रंगाचा असेल असं त्यांचं मत. बाहेर ब्रेकवाले लोक ओरडत होते, शेठ काउंटरवरून बघत होते.

आणि मग साईझ. काकांचा इनसीम, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप, घेतला, भिंतीला पाठ, बूट काढून, पायांत लेव्हल पट्टी वर खेचून. ८० सेंटीमीटर. गुणिले ०.६७ म्हणजे ५३.६, म्हणजे ५३-५४ ची फ्रेम. हिरवी होती ५६. तेवढं चाललंही असतं. सीटची उंची ८० गुणिले ०.८८३, साडेसत्तर धरा, त्यात पोस्ट बाहेर मूठभर दिसली असती, जुने लोक मूठभरच दाखवायचे. दांडीवरून उभं राहिलं तर बूट घालून दोन सेंटीमीटर गॅप, जेमतेम पण होता. पण वरच्या दांडीला टेप लावली आणि ५७. माझं तोंड पडलं. काकांच्या अंगाला ५५ च्या वर नको. मानेचा त्रास आहेच, तीस वर्षं सरफेस प्लेटवर वाकून काढलेली माणसं ही.

मी सरळ सांगितलं, काका फ्रेम एक नंबर आहे पण तुमची नाही. तुम्ही ताणले जाल, हात बधिर होतील, ६० किलोमीटरला मान जाईल. ते म्हणाले सीट पुढे घेतली तर? आता हा माझा आवडता मुद्दा आहे, मी गेली अकरा वर्षं सगळ्यांना ऐकवतो की हँडल लांब पडतंय म्हणून सीट पुढे घ्यायची नसते, सीटची जागा पायडलवरून ठरते, गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा, तो पायडलच्या आसावर आला पाहिजे, हँडलचं नंतर बघायचं. तेच त्यांनाही ऐकवलं. आणि शेवटी म्हणलं, आपल्याकडे क्रोमोली स्टीलची नवीन फ्रेम आहे, ५४ ची, दांडी ५५, तुमच्यासाठीच बनवल्यासारखी.

काकांनी त्या टांगलेल्या फ्रेमकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शेठकडे. आणि इतक्या शांतपणे म्हणाले, "म्हणजे ही विकायचीय तुला." गोधडी गुंडाळली आणि गेले.

मला लागलं ते. कारण मी खरं तेच सांगत होतो, निदान मला तसं वाटत होतं. पण हेही खरं की शेठ प्रत्येक नवीन सायकलमागे आम्हाला काहीतरी देतात आणि त्या महिन्याची माझी एक कमी पडत होती. शेठना मी हजारदा सांगितलंय की जो माणूस माप घेतो त्याला विक्रीवर पैसे देऊ नका, ऐकत नाहीत. म्हणतात डॉक्टर लोक काय करतात मग.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, दुकानात कुत्रं नव्हतं तेव्हा काका परत आले. हातात कागदाची गुंडाळी. उलगडली तर ड्रॉइंग. फ्रेमचं, एकास पाच, पेन्सिलनी, सेंटर लाईन वगैरे सगळं, आणि त्यावर काकांचं स्वतःचं शरीर काड्यांसारखं, गुडघा, कंबर, खांदा. म्हणाले, "तुझ्या भिंतीवरची ती ५४ खाली घे."

त्यांनी बेव्हल प्रोट्रॅक्टर आणला होता. नवीन फ्रेमच्या सीटच्या नळीचा अँगल घेतला, ७४ अंश. मग ड्रॉइंगवर बोट ठेवलं, हिरवीचा ७२. मला तिथेच कळलं हो. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. सीटची नळी जेवढी मागे झुकलेली तेवढं तिचं वरचं टोक पायडलच्या बुशापासून, म्हणजे क्रँक फिरतात त्या खालच्या आसापासून, मागे जातं. दांडीचं माप तिथून सुरू होतं. म्हणजे ५७ मधला एक तुकडा बुशाच्या मागेच खर्ची पडतो आणि दोन अंशांत साधारण दोन सेंटीमीटर जातात. सीटची जागा पायडलवरूनच ठरवायची असेल, जे मीच ओरडून सांगत असतो, तर बघायचं ते बुशापासून पुढे हेडपर्यंत किती. काकांनी काढलं होतं, हिरवीचं ४०१ मिलीमीटर. नवीनचं माझ्यासमोर काढलं, ४०४.

म्हणजे मी जी लांब पडेल म्हणून नाकारली ती, मी जी विकत होतो तिच्यापेक्षा तीन मिलीमीटर आखूड.

आणि सीट पुढे घ्यायचा त्यांचा प्रश्न बरोबर होता. ७२ च्या नळीवर सीट मधोमध बसवली तर काकांचा गुडघा मागे राहतो, ओळंब्यालाच सीट दोन-सव्वादोन सेंटीमीटर पुढे हवी. मी नियम पाठ म्हणून दाखवला आणि तोच लावला नाही. हे मला येत नव्हतं अशातला भाग नाही, मी हे नवीन पोरांना शिकवतो. टेप लावली, ५७ दिसले, वर बघितलं तर ५४ टांगलेली होती.

मी कान धरले. काका म्हणाले, "अरे, रिजेक्ट करताना दोनदा मोजायचं असतं, पास करताना एकदा चालतं." टूलरूममध्ये उलटं असतं असं मला वाटत होतं पण त्या दिवशी वाद घालायची माझी सोय नव्हती.

मग बांधली. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिलीमीटरचं होतं, आताच्या चाकाचं हब १३० चं. स्टीलला हे करता येतं, दोन्ही बाजू दोन-दोन मिलीमीटर उघडायच्या. आम्ही आटे पाडलेला रॉड आणि नट लावून उघडल्या, स्टील परत मागे येतं म्हणून थोडं जास्त उघडून सोडायचं, परत मोजायचं, असं चार वेळा, आणि दर वेळी दोरा. ॲल्युमिनियमला असलं काही करायला जाल तर फ्रेम भंगारात. कार्बनचं बोलतच नाही. मुळात २७ इंची चाकांची फ्रेम, आम्ही आताच्या मापाची ७०० सी घातली, रिम चार मिलीमीटर खाली जाते म्हणून लांब हाताचे ब्रेक शोधायला आठ दिवस गेले. पोस्ट सरळ घेतली, मागे वाक नसलेली, म्हणजे सीट पुढे येते. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, आठ सेंटीमीटरचा, हँडल नवीन आखूड वळणाचं. ओळंबा काकांनी स्वतः आणलेला, पितळी, आमच्या दुकानातल्या नट बांधलेल्या दोऱ्याकडे बघून त्यांनी काही बोलायचं टाळलं.

पहिल्याच रविवारी त्र्यंबकला जाऊन आले, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. फोन आला. मान ठीक, कंबर ठीक, "लोण्यासारखी चालते रे." मग थोडं थांबून, डाव्या हाताची करंगळी बधिर होते म्हणाले, परतीला, सातपूर आलं की.

फक्त डावी. मी म्हणलं बघू, ब्रेकच्या लिव्हर दोन्ही सारख्या उंचीला आहेत का ते बघायचं राहिलंय बहुतेक. ते कागदावर निघणार नाही, करंगळीतली नस तळव्याच्या कडेला दबते, हँडलवरच्या टेपच्या एका जास्तीच्या वेढ्यानीही होतं, मानेतूनही होतं, आणि हो, हँडल लांब असलं तरी होतं. शेठना सांगितलं तर लगेच म्हणाले, बघ, मी म्हणत होतो ना नवीन घ्यायला लावायचं. त्यांनी म्हणलं तसं मला एक सेकंद बरं वाटलं. तेच आवडलं नाही.

आता गुरुवारी काका येतायत, प्रोट्रॅक्टर घेऊनच येतो म्हणालेत. सायकल आली की मी आधी ती स्टँडला लावून दोन्ही लिव्हरची उंची घेणार आहे, दोनदा. त्यांचं ड्रॉइंग अजून फळीमागे चिकटवलंय, ४०१ आणि ४०४ च्या खाली त्यांनी लाल पेन्सिलनी रेघ मारलेली आहे. शेठ म्हणतात काढ ते, गिऱ्हाईक विचारतं.