बॅटरी खय इचारलंस?

कणकवलीतल्या आमच्या स्किन क्लिनिकमध्ये महिन्यातले दोन शनिवार मशीनचे. मॅडम कोल्हापूरहून येतात, मशीन मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळलेलं. फोंडा घाटात धुकं असलं की दहाचे साडेअकरा होतात. तोवर फॉर्म भरून घेणं, बधिर करायचं क्रीम लावणं ही कामं माझी. मशीन मायक्रोनीडलिंग आरएफचं, म्हणजे बारीक सुया आणि रेडिओलहरींचा करंट, पण आमच्याकडे सगळे 'सुयांची मशीन'च म्हणतात.

२०२५ च्या आषाढातला एक शनिवार. साठीच्या एक काकी आल्या, सोबत शेजारची कॉलेजातली पोरगी. चेहऱ्यावर देवीचे वण. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदाच बघत होते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, माझा तर जन्मही नंतरचा. धाकट्याचं लग्न तुळशीनंतर, म्हणून मुंबईच्या लेकीनं फोनवर नाव नोंदवलेलं.

मी नेहमीचं सांगितलं. बारीक सुया मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत जातात, टोकाशी करंट सुटतो, आतली कातडी तापते आणि भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारे धागे, धरते. वरचा थर बराचसा वाचतो, म्हणून आपल्या सावळ्या रंगाला काही लेसरांपेक्षा हे बरं. पण महिन्या-महिन्यानं तीन-चार खेपा, आणि खड्डे उथळ होतात, बुजत नाहीत.

"वायच उथाळ झाले तरी रगड," काकी म्हणाल्या.

फॉर्म पोरीनं भरला. 'शरीरात कोणतेही उपकरण आहे का?' तिनं विचारलं, "काकी, अंगात काय मशीन-बिशीन?" "नाय गो, माझ्याकडे खयची मशीन!" नाही-वर खूण. खाली सही मी केली. माझीच.

गालांना क्रीम झालं. मानेवर लावायचं म्हणून पदर जरा सरकवला, तर डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन बोटं लांब आडवा वण आणि त्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा. बोट तिथेच थांबलं.

"काकी, ह्या काय?"

"ती माझी बॅटरी. दोन वर्सां झाली, कोल्लापुराक घातली."

"मगे आदी सांगूक नाय?"

"तू मशीन इचारलंस. बॅटरी खय इचारलंस?"

पेसमेकर, हृदयाचा ठोका चुकला की तो देणारं यंत्र. चेहऱ्यावर करंट सोडला तर तो हृदयाचाच ठोका समजून पेसमेकर गप्प बसू शकतो. मॅडम हातमोजे घालत होत्या. ऐकलं आणि काढून ठेवले. मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. काकींच्या पिशवीत रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्येच पेसमेकरचं कार्ड होतं. कुणी मागितलंच नव्हतं.

(पुढे ऑक्टोबरात अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, याच मशीनांबद्दल इशारा काढला: भाजणं, वण, चरबी झिजणं, नसांना इजा. हल्ली फेशियलसारखं 'सुयांचं करून द्या' म्हणत येतात, त्यांना मी तो वाचून दाखवते.)

क्रीम पुसलं, पैसे परत केले. करंटाशिवाय, नुसत्या सुईनं वणाखालचे ताणलेले धागे सोडवता येतात, पण हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर तीही दाखवा, असं मॅडमनी समजावलं. काकींना राग नव्हता, फक्त ओठ बधिर झाल्यानं चहा हनुवटीवरून ओघळत होता आणि त्या स्वतःच हसत होत्या. "लग्नात असाच झाला तर व्याही काय म्हणतीत?"

त्या गेल्यावर छापील प्रश्नाखाली मी सगळ्या फॉर्मांवर पेनानं लिहिलं: 'बॅटरी बसवली आहे का?'

पुढचे आजोबा मस काढायला आलेले. मी मोठ्यानं विचारलं, "आजोबा, बॅटरी आसा?"

त्यांनी छत्री बाजूला ठेवली, पिशवीत हात घातला आणि टॉर्च काढून माझ्या हातात दिला. "आसा, पण सेल उतारलेत."