सुगीच्या दिवसांत बोडनझे

जर्मनीच्या दक्षिण टोकाला असलेल्या बोडनझे सरोवराचं पाणी नीट बघायच्या आधी बाबांनी वेलींच्या दोन ओळींमधलं अंतर पावलांनी मोजलं. "साडेसहा फूट," ते म्हणाले. "आपल्याकडं नऊ लागतं." मागे ६३ किलोमीटर लांबीचं सरोवर चमकत होतं, पलीकडे स्वित्झर्लंडमधलं झेंटिस शिखर स्पष्ट दिसत होतं आणि हा माणूस द्राक्षाच्या बुंध्यापाशी उकिडवा बसला होता. तासगावची बाग चाळीस वर्षं सांभाळल्यावर दुसरं काय होणार!

आई-बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे म्युनिकला आले होते. गणपती झाले, विसर्जन झालं, पितृपंधरवडा लागला. "या दिवसांत कशाला कुठं जायचं," असं आई दोनदा म्हणाली. मी म्हटलं, आपण काही शुभकार्याला चाललो नाही. खरं कारण वेगळं होतं. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन्ही राज्यांतल्या शाळांची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपते. त्यानंतर इथली गर्दी ओसरते, खोल्या मिळायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच सुगी सुरू होते: द्राक्षं, सफरचंदं, तेटनांगकडे हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, शेवटची तोडणी. ऑगस्टमध्ये आलात तर तळं दिसेल. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलात तर तळ्याकाठची माणसं कामावर दिसतील. आमच्या घरच्यांना दुसरं जास्त भावतं, म्हणून हा वृत्तांत तसाच आहे.

जायचं कसं, ते आधी. म्युनिकहून लिंडाऊपर्यंत रिजनल गाडीने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. तिघं-चौघं असाल तर बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या रिजनल गाड्यांचं एक दिवसाचं तिकीट) लिंडाऊपर्यंत चालतं, पण आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: लिंडाऊला दोन स्टेशनं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२० च्या डिसेंबरपासून रॉयटिन या किनाऱ्यावरच्या स्टेशनात थांबतात. सिंहाचा पुतळा आणि दीपगृह असलेलं बंदर बेटावर आहे, त्यासाठी इन्झेल स्टेशनला जाणारी छोटी गाडी पकडायची. मी पहिल्या खेपेला रॉयटिनला उतरून सामानासकट पायी निघाले होते. आई-बाबांबरोबर तो प्रयोग नको.

मुक्काम आम्ही मेर्सबुर्ग आणि फ्रीडरिशहाफेनच्या मधल्या एका खेड्यात केला. गावात रेल्वे नाही, बस आहे. खोली घेताना एकच प्रश्न विचारा: पाहुण्यांचं कार्ड मिळतं का आणि त्यावर बस-रेल्वे चालते का? किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत तुम्ही रोजचा पर्यटन कर भरता आणि त्या बदल्यात हे कार्ड मिळतं. आमचा चार दिवसांचा बसखर्च त्यातच भागला. गाडी घेऊन येणाऱ्यांनी किनाऱ्यालगतच्या बी-३१ रस्त्यावर तुंबण्याची तयारी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर तळं गायब. दाट धुकं. आईला वाटलं, दिवस वाया गेला. इथे हे नेहमीचं आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर धुकं दिवस दिवस हटत नाही. सप्टेंबरात मात्र साधारण अकरापर्यंत ते विरतं. म्हणून सकाळ बागांत आणि गावात घालवा, बोट दुपारी धरा.

आम्ही ती सकाळ हागनाऊच्या मळ्यांत घालवली, आणि सहलीतला सगळ्यात चांगला वेळ तोच. म्युलर-थुर्गाऊ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची तोडणी चालू होती. कात्र्यांचा आवाज, लाल क्रेट, ट्रॅक्टर. फक्त बायका इरकल नेसलेल्या नव्हत्या. ओळीच्या टोकाला एक म्हातारे शेतकरी खिशातून नळीसारखं यंत्र काढून त्याच्या काचेवर मणी पिळत होते. बाबा लांबूनच म्हणाले, "रिफ्रॅक्टोमीटर." रसातली साखर मोजायचं यंत्र. आणि सरळ त्यांच्याकडे चालायला लागले. भाषा एकाची एकाला कळत नव्हती. त्या गृहस्थांनी यंत्र पुढे केलं, बाबांनी आभाळाकडे धरून एक डोळा मिटला. "ब्याऐंशी? हे कसलं ब्रिक्स?" मग मला मध्ये पडावं लागलं. जर्मनीत एक्सले मोजतात: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा किती ग्रॅमने जड आहे, तो आकडा. ८२ एक्सले म्हणजे आपल्याकडच्या मापात साधारण २० ब्रिक्स. हे कळल्यावर बाबांनी मान डोलावली, आणि तोडणी वेळेवर आहे असा निर्वाळा दिला.

त्यांना खरं नवल वाटलं ते छाटणीचं. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, वेलीला उसंत नाही. इथे हिवाळाभर वेल झोपलेली असते, छाटणी एकदाच. "सुखी वेल आहे," बाबा म्हणाले.

हागनाऊच्या वाइनमागची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. इथले द्राक्षवाले व्यापाऱ्यांच्या कचाट्यात सापडलेले असताना हाइनरिश हान्सयाकोब या गावच्या पाद्र्याने १८८१ मध्ये त्यांची सोसायटी उभी केली. बाडेनमधली ही पहिली. प्रवरानगरचा कारखाना सुरू व्हायच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी. सोसायटी आजही चालू आहे. बाबांनी निवृत्त होईपर्यंत साखर कारखान्याच्या शेती खात्यात काम केलेलं, त्यामुळे पुढचा अर्धा तास "भाव कोण ठरवतं" यावर गेला. मला काही नीट उत्तर देता आलं नाही.

आईचं मन रमलं ते रस्त्याकडेच्या मांडवांत. एल्स्टार, गाला अशी सफरचंदं पिशव्या भरून ठेवलेली, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि माणूस कोणी नाही. आईने आधी पैसे टाकले, मग मोजून पुन्हा पन्नास सेंट टाकले, आपल्यामुळे कुणाचं नुकसान नको म्हणून. सुटे पैसे बाळगा, कार्ड इथे चालत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा हे मांडवच कामाला येतात.

तिसऱ्या दिवशी मेर्सबुर्गहून बोटीने माइनाऊ बेटावर गेलो. तिकीट महाग आहे, पण सप्टेंबरात डेलिया ऐन भरात असतो. लोकांकडून मतं घेऊन दरवर्षी त्यातली एक "राणी" निवडतात. आईने मत दिलं, कुणाला ते सांगितलं नाही. तिथून बसने कॉन्स्टान्झ. तिथल्या बंदरावर इम्पेरिया नावाच्या गणिकेचा नऊ मीटरचा पुतळा चार मिनिटांत स्वतःभोवती फेरी घेतो. तिच्या दोन्ही हातांवर पोप आणि सम्राट उघडेबोडके बसलेत. १४१४ ते १४१८ या काळात इथे भरलेल्या धर्मपरिषदेची ही टिंगल आहे. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधीच समजावून ठेवलेलं बरं. शनिवारी मात्र जाऊ नका. स्वित्झर्लंडमधले लोक खरेदीला लोटतात.

इथेच माझी चूक झाली. वेळापत्रकात उन्हाळ्याचा रकाना वाचला, आणि परतीची बोट गेलेली. शरदात फेऱ्या कमी होतात, आणि ऑक्टोबर सरताना बहुतेक बोटींचा हंगामच संपतो, तेव्हा तारीख बघून रकाना वाचा. अशा वेळी घाबरायचं नाही. श्टाड धक्क्यावरून मेर्सबुर्गला गाड्या नेणारी फेरी दिवसरात्र चालते, पायी माणसालाही घेते, आणि पंधरा-वीस मिनिटांत पोचवते.

फेरीची वाट बघत असताना काठावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी घड्याळ लावून, नाडी बघावी तसं मोजलं: मिनिटाला चाळीस. म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा. थोड्या वेळाने वेग वाढला. नव्वद म्हणजे वादळ. भाड्याच्या पॅडल-बोटी तोवर काठाला लागल्या होत्या. तुम्ही पाण्यात असाल तर चाळीसलाच परत फिरा, आभाळ निळं दिसत असलं तरी.

फोनचं सांगायचं राहिलं. काठावर आणि बोटीत फोन गुपचूप स्विस नेटवर्क पकडतो, आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये येत नाही. मागच्या खेपेला माझं बिल यातच फुगलं. डेटा रोमिंग बंद ठेवा. पासपोर्ट जवळ ठेवा.

खाण्याचं. शाकाहारी लोकांना केझेश्पेट्झ्ल, म्हणजे चीज घातलेल्या जाडसर शेवया, हमखास मिळतं. या दिवसांत सगळीकडे कांद्याचा केक लावलेला असतो. नाव ऐकून आई खूश झाली, पण त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. "ओहने श्पेक" म्हणजे त्याशिवाय, असं विचारूनच घ्या. मासे खाणाऱ्यांसाठी: फेल्खन हा इथला नावाजलेला मासा, पण तो इतका घटला की २०२४ पासून तीन वर्षं तो धरायला बंदी आहे. हॉटेलात ताटात येतो तो बाहेरचा.

त्या केकबरोबर झूझर पितात, म्हणजे नुकता आंबायला लागलेला द्राक्षरस. गढूळ, गोड, फसफसता. "नीराच की," म्हणून बाबांनी दोन पेले घेतले. मी म्हटलं, बाबा, ही दुपारची नीरा आहे. त्यानंतर ते बराच वेळ बाकावर शांत बसून होते.

एक बाटली घरी न्यावीशी वाटली. झूझरच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, आतला वायू निघावा म्हणून. ती उभीच न्यायची. मी पिशवीत आडवी ठेवली. लिंडाऊ येईपर्यंत आमच्या डब्यात वाइनरीचा वास सुटला होता. आईची शाल दोनदा धुतली, अजून गेलेला नाही.